कूलरमधली पाहुणी

शनिवार, पाच ऑक्टोबर. वन्यजीव सप्ताह. स्थळ: आमच्या शाळेचं सभागृह. हजर: परीक्षक तीन, स्पर्धक बारा, आई दुसऱ्या रांगेत डबा घेऊन, गजूमामा शेवटच्या रांगेत दाराजवळ. गैरहजर: बाबा, कारण ऑफिस, आणि पाहुणी, कारण ती घरी मागच्या व्हरांड्यात, कूलरमध्ये.

ही नोंद माझ्या दहावीच्या वर्षीच्या वहीतली आहे, जशीच्या तशी. तेव्हापासून मला अशी सवय आहे. कोण होतं, कोण नव्हतं, काय ठरलं, काय राहिलं, एवढं लिहून ठेवलं की डोकं मोकळं होतं. माझ्या मुलाला याची गंमत वाटते. लग्नाच्या पंगतीतही मी मनात हजेरी घेते असं तो म्हणतो, आणि ते खरं आहे. त्या शनिवारी वादविवाद स्पर्धा होती. विषय होता, ‘महाकाय साप घरी पाळण्यास कायद्याने बंदी असावी’. चिठ्ठीत मला अनुकूल बाजू आली होती, म्हणजे बंदी असावी असं बोलायचं होतं. आणि पाहुणी म्हणजे साडेनऊ फुटांची अजगरीण.

ती आमच्याकडे कशी आली ते आधी सांगते. आईचं माहेर उमरेडच्या पुढे एका खेड्यात. तिचा धाकटा भाऊ गजूमामा नागपूरला गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात नोकरीला लागला तेव्हापासून धरमपेठेत आमच्याच घरी राहत होता. दिवसभर तो ठाण उलगडायचा आणि गुंडाळायचा, आणि संध्याकाळी कुठे साप निघाला की लोक त्याला बोलवायला यायचे. एका उन्हाळ्यात तो गावी गेला असताना शेतातल्या विहिरीचा गाळ काढत होते. कपारीतल्या अजगराला फावडं लागलं. लोक काठ्या घेऊन धावले आणि मामा पोतं घेऊन. पोतं घेऊन तो एसटीत बसला. कंडक्टरने विचारलं तेव्हा त्याने नुसतं “घरचं सामान आहे” एवढं सांगितलं आणि पोत्याचं लगेज तिकीट काढलं. ते तिकीट माझ्या अजगराच्या वहीच्या पहिल्या पानावर खळीने चिकटवलेलं आहे.

आईने दार उघडलं, पोत्यात डोकावली आणि म्हणाली, “गज्या, किती दिस राहणार हे पाहुणी?”

“जखम भरली का जाईन, ताई. दोन हप्ते.”

सोळा महिने झाले तरी ती तिथेच होती. पाहुणी हे नाव मात्र आईने दिलं तेच राहिलं.

तिला ठेवायला जागा म्हणजे आमचा जुना लोखंडी कूलर. बाबांच्या ऑफिसच्या लिलावातून घेतलेला, गोदरेजच्या कपाटाएवढा नाही पण त्याच्या निम्मा तरी. मामाने त्यातला पंखा आणि मोटर काढली, वाळ्याच्या ताट्या काढून बारीक जाळी बसवली, खाली पोती अंथरली आणि दाराला कडी लावली. हिवाळ्यात आत बल्ब टांगायचा. उन्हाळ्यात जाळीवर ओलं गोणपाट. रात्री ती कूस बदलायची तेव्हा पत्रा आतून ‘टण’ वाजायचा आणि पाठोपाठ खवल्यांची खरखर, कोणी गव्हाचं पोतं ओढतंय असा आवाज. पहिले आठ दिवस आम्ही दचकलो. मग तो आवाज आला नाही तर आई उठून बघून यायची. नागपूरच्या मे महिन्यात कूलर नसणं काय असतं ते नागपूरकरांना सांगायला नको. त्या वर्षी आम्ही चौघं ओले टॉवेल अंगावर घेऊन झोपलो, आणि बाबा पहाटे उठून म्हणाले, “सरकारी मालमत्तेचा असा उपयोग माझ्या पाहण्यात नाही.”

आमच्या घरात मांसाहार नव्हता. पाहुणीचं जेवण मामा मागच्या गल्लीतून आणायचा, पिशवीत वर पालक, खाली कोंबड्या. ती पिशवी स्वयंपाकघरातून जायची नाही, ही आईची अट, आणि पालक मात्र भाजीला घ्यायचा, हीसुद्धा आईचीच अट. तीन आठवड्यांतून एकदा असा पालक यायचा. अजूनही पालकाची पातळ भाजी केली की मला तो दिवस आठवतो, आणि भाजी छानच लागते.

नोंदी ठेवायचं काम माझं. मामाला लिहायचा कंटाळा होता आणि मला रकाने आखायला आवडायचं. तारीख, काय खाल्लं, कात कधी टाकली, वजन, लांबी. महिन्यातला एक रविवार मोजमापाचा. मामा दुकानातून गठ्ठ्यांचा काटा आणायचा, पाहुणीला पोत्यात घालून पेरूच्या फांदीला लटकवायचा, आणि मी आकडा वाचून पोत्याचं वजन वजा करायची. मग ती अंगणात सोडायची. ती हळूहळू उलगडत जायची, फाटकापासून तुळशीपर्यंत, आणि आई शेपटीकडे सुतळीचं टोक धरून उभी राहायची, तोंड दुसरीकडे करून. “झालं का वं शुभे? माह्या हात दुखून राहिला.” पाच किलोवरून ती अकरावर गेली, सातावरून साडेनऊ फुटांवर. मामा शेजारी उकिडवा बसायचा आणि ती कधीकधी त्याच्या मनगटावर हनुवटी ठेवून तशीच पडायची, अर्धा तास. मामा तितका वेळ विडी ओढायचा नाही. हे मी कुठल्या रकान्यात लिहावं ते कळत नसे, म्हणून लिहिलं नाही.

कायदा आम्हाला माहीत होता का? होता. मामा साप पकडायचा, त्यामुळे त्याला पक्कं ठाऊक होतं की अजगर हा कायद्याने संरक्षित प्राणी, तो घरात ठेवणं म्हणजे गुन्हा. बाबांना त्याहून जास्त ठाऊक होतं, कारण ते सरकारी कारकून. ते महिन्यातून एकदा म्हणायचे, “गजानन, हे रीतसर नाही,” आणि मामा म्हणायचा, “हाव जावाईबुवा, जखम भरली का.” जखम पहिल्या दोन महिन्यांतच भरली होती. माझ्या वहीत तशी नोंद होती.

स्पर्धेचा विषय जाहीर झाला आणि चिठ्ठी निघाली तेव्हा मी घरी येऊन मामाला म्हणाले की मी नाव काढून घेते. तो कूलर धूत होता. म्हणाला, “काहून? भेव वाटते का?”

“तुझ्याविरुद्ध बोलायचं आहे.”

“माह्याविरुद्ध नाही, विषयावर. आन कागद. म्या सांगतो. हे ठेवणं किती कठीण आहे थे माह्यावून जास्त कोणाले माहीत आहे?”

माझे चारही मुद्दे त्याने दिले. दोन संध्याकाळी बसून, एकेक तपशील पुरवत. बल्ब साठचा पुरत नाही, शंभरचा लागतो, आणि वीज गेली तर कोळशाची शेगडी दूर ठेवून जागा उबदार ठेवावी लागते. पोट भरलेलं असताना हलवलं तर सगळं ओकते. कात अडकली तर डोळ्यावरचं सालपट ओढायचं नाही. खोटं काही घालायचं नाही, भयंकर काही घालायचं नाही, गिळलेल्या बकऱ्यांच्या गोष्टी तर मुळीच नाही, असं त्याने बजावलं. “जे आहे थे सांग. तेवढ्यानंच जितशीन.”

आणि मी जिंकले. पाच मिनिटांच्या घंटेआधी सगळे मुद्दे संपवले. बाकीच्यांनी निसर्गाचा समतोल वगैरे सांगितलं, मी शंभर वॅटचा बल्ब सांगितला. मग प्रश्नांची फेरी आली. विरुद्ध बाजूचा एक चष्मेवाला मुलगा उठला आणि म्हणाला, “या ताई तर घरी अजगर असल्यासारख्या बोलून राहिल्या. एवढे आकडे आणले कुठून?” सभागृह हसलं. मला हसायला सुचलं नाही. माझे आकडे कुठून तरी आणलेले आहेत असं कोणी म्हटलं की अजूनही मला राहवत नाही. मी म्हणाले, “आणले नाहीत. वहीत आहेत, तारीखवार.”

मधले परीक्षक वनखात्यातून निवृत्त झालेले होते. त्यांनी पेन खाली ठेवलं. “वही कोणाची?”

“माझी, सर.”

त्यांनीच बक्षीस देताना मला एक फॉर्म भरायला दिला, नाव, इयत्ता, पत्ता. मी पत्ता लिहिला, घरासमोरच्या दवाखान्याच्या खुणेसकट, आणि पिनकोडही घातला.

घरी परतताना मामा सायकल हातात धरून चालत होता. करंडक कॅरियरला बांधलेला. आई रिकामा डबा घेऊन पुढे.

“जितली ना?” मामा म्हणाला.

“हो.”

“मंग तोंड काहून पाडून राहिली?”

“मी वही म्हणाले.”

“हाव. मी मागच्या रांगेत होतो, बहिरा नोतो.”

घरी चहा झाल्यावर त्याने मार्ग सांगितला. दुकानाच्या मालकाचं गोदाम रिकामं होतं, किल्ली त्याच्याकडे होती, संध्याकाळच्या आत रिक्षाने पाहुणीला तिकडे नेता येईल. आई म्हणाली, “मंग ने ना. बसून काय राहिला?” बाबा नुकतेच आले होते, त्यांनी गोष्ट ऐकून शर्टाची वरची गुंडी उघडली आणि परत लावली. नोकरी त्यांची सरकारी, घर त्यांच्या नावाचं. काही झालं तर मामाच्या हातात बेडी आणि बाबांच्या हातात निलंबनाचा कागद, एवढं मलाही कळत होतं, आणि हे सगळं माझ्या एका वाक्याने झालं होतं.

मामाने पोतं काढलं. मग माझी वही मागितली. शेवटची ओळ बघितली: शुक्रवार, दोन कोंबड्या. 

“कालच जेवली आहे,” तो म्हणाला. “आता हलवली तं सारं ओकून टाकन. एखादवेळी जीवबी जाईन.” त्याने पोतं घडी करून खुंटीला लावलं. “राहू दे. येईन थो येईन.”

आई म्हणाली, “आन् तुले धरून नेलं तं?”

“मले हलवलं तं म्या नाही ओकत, ताई.”

दुसऱ्या दिवशी रविवार. ते वनखात्याचे परीक्षक साहेब अकराच्या सुमारास स्कूटरवर आले, एकटेच. आमच्याकडे गोळाभात होता. डाळीचे गोळे भातात शिजत आले होते आणि आई वर ओतायची तेलाची फोडणी तापवत होती. दारात परका माणूस बघून तिने आधी गॅस कमी केला आणि मग मला म्हणाली, “एक पाट वाढव.” ज्याच्या एका शब्दावर आपल्या भावाला धरून नेलं असतं त्याला तिने पहिल्यांदा जेवायला बसवलं. आज मी तिच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेले आहे, आणि मला अजून ते जमत नाही.

जेवणाआधी साहेब कूलरसमोर वाकून बसले. बराच वेळ. मग त्यांनी वही मागितली आणि खाटेवर बसून पहिल्या पानावरच्या तिकिटापासून शेवटच्या शुक्रवारपर्यंत वाचली. शुक्रवारपाशी आल्यावर त्यांनी मामाकडे बघितलं.

“काल हलवायचा विचार होता?”

“होता, साहेब.”

“मग?”

“जेवली होती.”

साहेबांनी वही मिटली. पानावर बसल्यावर वाद सुरू झाला, आणि शाळेतल्या वादापेक्षा तो फार चांगला होता. मामा म्हणाला, “कायदा बरोबर आहे, साहेब. पण थो विकणाऱ्यांसाठी, गारुड्यांसाठी, कातडं काढणाऱ्यांसाठी. म्या का विकून राहिलो? आणली नसती तं गावानं दहा मिनिटांत मारून टाकली असती.”

“आणलीत ते बरोबरच केलंत,” साहेब म्हणाले. “वहीत जखम भरल्याची तारीख आहे. त्यानंतरचे चौदा महिने कोणासाठी?”

मामा गोळा कुस्करत राहिला.

“मी तुमच्यासाठी डोळेझाक केली,” साहेब पुढे म्हणाले, “तर उद्या दुसरा माणूस येईल, तोही म्हणेल माझा जीव आहे तिच्यावर. खोटंही नसेल. फक्त त्याच्याकडे वही नसेल, आणि बल्ब साठचा असेल.”

“मंग तुम्ही माणूस पाहून ठरवा ना. साऱ्यायले एकच काठी काहून?”

“किती जणांच्या घरात जाऊन बघू? मी एकटा होतो, आणि जिल्हा मोठा होता.”

बाबा म्हणाले, “परवान्याची काही सोय असती तर...” आणि थांबले, कारण नव्हती हे त्यांनाच ठाऊक होतं. आई वाढताना म्हणाली, “मे महिन्यात परवाना घेऊनबी आम्ही उकडलोच असतो.” साहेब हसले आणि त्यांनी तेल आणखी मागितलं.

मग मामा माझ्याकडे वळला. “तू सांग वं शुभे. भाषण नको. तुले काय वाटते?”

मला त्याच्या बाजूने बोलायचं होतं. कालपासून दुसरं काही मनात नव्हतं. मी वही उघडली, त्याच्या उपयोगाचं काही सापडतं का बघायला. वजन वाढलेलं, कात वेळेवर, आजार एकही नाही. सगळं त्याच्या बाजूचं. मग लांबीचा रकाना. सोळा नोंदी, आणि प्रत्येक नोंदीपुढे मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, ‘अंगणात, सरळ’. कूलरची आतली बाजू सव्वातीन फूट होती. ती मीच मोजली होती, जाळी बसवताना.

मी म्हणाले, “मामा, ती महिन्यातून एकदाच सरळ होते.”

 मागच्या व्हरांड्यात पत्रा वाजला. मामाने पानातला भात संपवला, हात धुतला, आणि परत येऊन म्हणाला, “बरोबर आहे. म्या सुतळी धरत नोतो ना, म्हणून ध्यानात नाही आलं.”

पुढचं सगळं बाबांनी रीतसर केलं. शेतात जखमी अवस्थेत सापडलेला अजगर उपचारानंतर वनखात्याच्या स्वाधीन करीत आहोत, असा अर्ज. अर्जातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. फक्त ‘सापडल्याचा दिनांक’ या शब्दांपुढे बाबांनी जागा कोरी सोडली. उभ्या आयुष्यात त्यांनी कागदावर सोडलेली ती एकमेव कोरी जागा. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा पुसला, आणि खिशात ठेवला. जेवण पचायला आठ दिवस द्यायचं ठरलं. ते आठ दिवस आमच्या घरात सणासारखे गेले. मामा दुकानातून लवकर यायचा, आई व्हरांड्यातच भाजी निवडायची, आणि मी शेवटचं वजन घेतलं, अकरा किलो दोनशे.

पुढच्या रविवारी खात्याची जीप आली. उमरेडच्या पलीकडे, मामाच्या गावापासून फार लांब नसलेल्या रानात, नाल्याच्या काठी पोतं उघडलं. ती बाहेर येताना जराशी थांबली, जीभ बाहेर काढून. मग निघाली. सागाच्या पाचोळ्यावरून ती गेली ती एका रेषेत, पूर्ण लांबीने, आणि शेपटीचं टोक दिसेनासं होईपर्यंत मामा आणि मी मोजमाप घेत असल्यासारखे उभे होतो. मामा म्हणाला, “लिहून घे. सरळ.” मी लिहिलं.

उमरेडच्या बसस्टँडवर आम्ही आलुबोंडे खाल्ले, तर्री घालून. मामा खुशीत होता, हे मला तेव्हा आश्चर्याचं वाटलं. बशी पुसून खाल्ल्यावर तो म्हणाला, “तू कायद्याच्या बाजूनं बोलली, दोनदा. दोन्ही वेळा जितली. आता एकदा माह्या बाजूनं बोलजो. पाचच मिनिटं. जितली नाही तरी चालन. मले आयकाचं आहे का माही बाजू कशी दिसते.”

मी म्हटलं, बोलेन. त्याच्यासमोर वहीत लिहिलं.

कूलरला परत पंखा बसला. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही थंड हवेत झोपलो, आणि पहिल्या रात्री आई म्हणाली की फार आवाज करते हे यंत्र. मामाचं लग्न झालं, तो गावी शेतीवर परत गेला. साठी उलटून गेली तरी अजून बोलावलं की साप पकडायला जातो, पकडतो, त्याच दिवशी सोडतो. मधे माझ्या मुलाने मोबाइलवर दाखवलं, परदेशी जातीचे अजगर लोक घरी पाळतात, त्यांची नोंदणी होते. “आई, फॉर्म भरला की झालं,” तो म्हणाला. मी विचारलं, खोली आतून किती फुटांची? तो फोन घेऊन आपल्या खोलीत गेला. बंदी असावी असंच माझं मत आहे, आणि कोणी विचारलं तर आजही पाच मिनिटांत चार मुद्दे सांगेन.

मामाच्या बाजूचे मुद्दे मात्र मी दरवर्षी नव्या डायरीत उतरवते आणि दरवर्षी अडते. त्याने जीव वाचवला, लिहिते, आणि पुढे साहेबांचा प्रश्न येतो, पुढचे चौदा महिने कोणासाठी. निगा चांगली ठेवली, लिहिते, आणि सव्वातीन फूट आठवतात. शेवटी उरतं ते पेरूखालचं, मनगटावरची हनुवटी आणि न ओढलेली विडी. त्याला मुद्दा म्हणता येत नाही. मागच्या आठवड्यात तो संत्र्यांची पेटी घेऊन आला होता. चपला काढता काढता त्याने विचारलं, “झालं का वं लिहून?” मी म्हटलं, होतंय. तो हसला आणि आत जाऊन आईशेजारी संत्री सोलत बसला.

आजची यादी. गॅसचा नंबर लावणे, झाले. आईच्या गोळ्या, झाले. कूलरच्या ताट्या बदलणे, झाले. मामाच्या बाजूचे भाषण, पाच मिनिटे: बाकी.